जनगणनेत वांशिक ओळख कशी विचारतात आणि त्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा

प्रश्न असा आलाय की वेगवेगळ्या देशांच्या जनगणनेत लोकांची वांशिक ओळख नेमकी कशी विचारतात, कोणाला कुठल्या गटात टाकायचं हे कोण ठरवतं, आणि अमुक देशात अमुक टक्के लोक अमुक वंशाचे असं आपण वाचतो ते आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघता येतात का. प्रश्नावल्या तयार करणं आणि लोकांनी हातानं लिहिलेल्या उत्तरांना कोड देणं, म्हणजे कुठलं उत्तर कुठल्या गटात जाईल ते ठरवणं, या कामात माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर देऊन टाकतो. तुलना करता येते, पण फॉर्म आणि कोडिंगचे नियम बघितल्याशिवाय करू नका. वय विचारलं तर माणूस चुकीचं सांगेल, पण खरं वय एकच असतं आणि ते जन्माच्या दाखल्यावर सापडतं. वांशिक ओळखीचं तसं नाही, तिचं "खरं" उत्तर बाहेर कुठे लिहून ठेवलेलं नसतं, त्यामुळे प्रश्नात शब्द कुठले वापरले, खाली पर्याय कुठले छापले, उत्तर घरच्यांनी भरलं का प्रगणकानं, आणि नंतर ऑफिसात कोड कसा दिला, या सगळ्यातून तो आकडा तयार होतो. यातलं एक जरी बदललं तरी एकही माणूस न जन्मता न मरता आकडा लाखांनी इकडेतिकडे होतो.

सुरुवातीलाच अडचण अशी आहे की सगळे देश एकच गोष्ट विचारतच नाहीत. अमेरिका रेस म्हणजे वंश विचारते, ब्रिटन एथनिक ग्रुप म्हणजे वांशिक गट विचारतं, ऑस्ट्रेलियात पूर्वज कुठले ते विचारतात (आणि आदिवासी मूळ आहे का हा प्रश्न वेगळा), ब्राझीलमध्ये सरळ त्वचेचा रंग किंवा रेस विचारतात, जुन्या सोव्हिएत पट्ट्यातल्या देशांत राष्ट्रीयत्व विचारतात पण त्याचा अर्थ नागरिकत्व नसून समाज असा असतो, आपल्याकडे आतापर्यंत अनुसूचित जात आणि जमात. काही देश नुसती मातृभाषा किंवा धर्म विचारून थांबतात आणि पुढचा अंदाज अभ्यासकांवर सोडतात. संयुक्त राष्ट्रांच्या जनगणनेबद्दलच्या शिफारशींमध्येही हा विषय सगळ्यांसाठी सक्तीच्या मुख्य यादीत ठेवलेला नाही, ज्या देशाला गरज वाटेल त्यानं विचारावा, माणसाला स्वतःची ओळख स्वतः सांगू द्यावी, असा त्यांचा एकूण रोख आहे. २००० च्या आसपासच्या जनगणनांचे १४१ देशांचे फॉर्म तपासून एक अभ्यास झाला होता, त्यात साठ टक्क्यांहून थोडे जास्त देश कुठल्या ना कुठल्या शब्दांत हे विचारत होते. म्हणजे न विचारणारे देशही थोडेथोडके नाहीत, त्यांच्याकडे मी नंतर येतो.

उत्तर कोण देतं हा पहिला मोठा फरक. अमेरिकेत १७९० पासून जनगणना होते आणि पहिल्या फॉर्मपासूनच गोरे स्वतंत्र, इतर स्वतंत्र आणि गुलाम अशी विभागणी होती. पण १९६० पर्यंत बहुतेक वेळा प्रगणकच माणसाकडे बघून रकाना भरायचा. १८९० मध्ये तर त्याला सूचना होती की तीन चतुर्थांश किंवा जास्त कृष्णवर्णीय रक्त असेल तर ब्लॅक, तीन अष्टमांश ते पाच अष्टमांश असेल तर मुलॅटो, एक चतुर्थांश असेल तर क्वाड्रून आणि एक अष्टमांश किंवा नुसता अंश असेल तर ऑक्टोरून. दारात उभं राहून कोणी कोणाच्या रक्ताचे अपूर्णांक कसे मोजणार? पण मोजले, छापले, आणि ते आकडे आजही ग्रंथालयात आहेत. १९२० ते १९४० या तीन जनगणनांमध्ये हिंदू हीसुद्धा एक रेस होती, म्हणजे पंजाबातून गेलेला शीख शेतकरीही अमेरिकेच्या कागदावर हिंदू रेसचा. पुढे १९७० मध्ये भारतीय मूळ असलेल्यांना व्हाइटमध्ये धरलं आणि १९८० मध्ये एशियन इंडियन अशी वेगळी चौकट आली. एकाच घरातल्या एकाच माणसाची पन्नास-साठ वर्षांत तीन-चार वेळा रेस बदलली आणि त्यानं स्वतः काहीच केलं नव्हतं.

मग १९६० पासून लोक स्वतः भरायला लागले. तिथल्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे नेटिव्ह अमेरिकन लोकांचा आकडा बघा: १९६० मध्ये साधारण ५.२ लाख, १९७० मध्ये ७.९ लाख, १९८० मध्ये १३.६ लाख, १९९० मध्ये १९.६ लाख. जन्मदरानं कुठलाही समाज तीस वर्षांत असा जवळजवळ चौपट होत नाही. आधी ज्यांना प्रगणक बघून व्हाइट लिहायचे ते आता स्वतः सांगायला लागले, आणि काळ बदलला तसा ती ओळख सांगण्यातला संकोचही गेला. ऑस्ट्रेलियात २०११ ला आदिवासी आणि टॉरेस स्ट्रेट बेटवासी मिळून ५.४८ लाख, २०१६ ला ६.४९ लाख आणि २०२१ ला ८.१३ लाख, म्हणजे शेवटच्या पाच वर्षांत २५ टक्के वाढ. तिथेही जन्म-मृत्यूच्या हिशोबात सगळी वाढ बसत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, कोणाला म्हणायचं हे ठरवायला पूर्वी रक्ताचा हिस्सा विचारायचे, निम्मं किंवा जास्त असेल तर माओरी, १९८६ मध्ये ते सोडून दिलं आणि माणूस स्वतःला कोण मानतो ते विचारायला लागले. आणि तिथे अजून एक चांगली गोष्ट केली, माओरी वंशज आहात का आणि तुमचा एथनिक ग्रुप कुठला हे दोन प्रश्न वेगळे ठेवले. माओरी मतदारसंघ किती असावेत या हिशोबात वंशजांचा आकडा लागतो, सामाजिक आकडेवारीला ग्रुपचा लागतो, दोन्हींत फरक पडतो आणि तो पडायलाच हवा, कारण प्रश्नच वेगळे आहेत.

आता शब्द आणि यादी. माझ्या मते सगळ्यात जास्त आकडे इथेच हलतात, आणि बातम्या लिहिणारे सगळ्यात कमी लक्ष इथेच देतात.

चिलीचं उदाहरण मी नव्या लोकांना शिकवताना नेहमी देतो. १९९२ च्या जनगणनेत विचारलं होतं की तुम्ही स्वतःला यातल्या कुठल्या संस्कृतीचे मानता का, आणि साधारण ९.२८ लाख लोकांनी मापुचे (तिथला एक मूळनिवासी समाज) म्हणून सांगितलं, तेही फक्त १४ वर्षं आणि त्यावरचे. २००२ मध्ये प्रश्न बदलून केला की तुम्ही यातल्या कुठल्या मूळनिवासी समाजाचे आहात का. सगळ्या वयांचे धरूनही मापुचे भरले ६.०४ लाख. दहा वर्षांत तीन लाखांहून जास्त माणसं कुठे गेली? कुठेच नाही. संस्कृतीशी नातं मानणारा माणूस वेगळा आणि मी त्या समाजाचाच आहे असं ठामपणे सांगणारा वेगळा, दोन वर्तुळं एकमेकांत गुंतलेली असली तरी सारखी नाहीत. पण आकडा छापला जातो तेव्हा दोन्हीकडे वर मापुचे एवढंच लिहिलेलं असतं.

कॅनडात तर प्रश्न तोच होता, फक्त त्याखाली नमुन्यादाखल दिलेल्या उत्तरांची यादी बदलली. तिथे मोकळ्या जागेत आपलं मूळ लिहायचं असतं आणि मदतीला खाली काही उदाहरणं छापलेली असायची, आणि ती उदाहरणं मागच्या वेळी जास्त आलेल्या उत्तरांवरून घेतलेली. १९९१ मध्ये कॅनेडियन असं उत्तर देणारे चार टक्क्यांच्या आसपास होते, तेवढे पुरेसे ठरले आणि १९९६ च्या फॉर्मवर कॅनेडियन हा शब्द उदाहरण म्हणून आला. त्या वर्षी ३१ टक्के लोकांनी कॅनेडियन लिहिलं. २००१ मध्ये तो शब्द यादीत वर गेला आणि टक्केवारी ३९ झाली. २०१६ मध्ये ३२.३ टक्के. मग २०२१ मध्ये फॉर्मवरून उदाहरणं काढूनच टाकली, पाचशेहून जास्त नावांची यादी ऑनलाइन लिंकवर ठेवली, आणि कॅनेडियन आलं १५.६ टक्क्यांवर. इंग्लिश, फ्रेंच, स्कॉटिश मूळ सांगणाऱ्या लोकांचे आकडे या सगळ्यात वरखाली झाले ते वेगळंच. छापील उदाहरण म्हणजे माणसाच्या कानात हळूच सांगितलेलं उत्तर असतं, आणि ज्याची ओळख आधीच मिश्र किंवा सैलसर असते तो ते पटकन उचलतो.

कधीकधी यादीतला शब्द लोकांना कळतच नाही. अमेरिकेत १९७० मध्ये नमुन्यादाखल निवडलेल्या काही घरांना हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषिक देशांतल्या, मुळाबद्दल विचारलं तेव्हा पर्यायांमध्ये सेंट्रल ऑर साउथ अमेरिकन असं होतं, म्हणजे मध्य किंवा दक्षिण अमेरिका खंडातले. अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागात राहणाऱ्या बऱ्याच लोकांनी आपण तेच की असं समजून तिथे टिक केली आणि तो आकडा फुगला. पूर्वचाचणी का करायची याचं यापेक्षा चांगलं कारण मला माहीत नाही. फॉर्म तयार करणाऱ्यांना शब्द स्वच्छ वाटत असतो, वाचणारा तो आपल्या जागेवरून वाचतो.

न्यूझीलंडमध्ये उलट झालं, यादीत नसलेला शब्द लोकांनी आणला. २००६ च्या आधी ईमेल फिरल्या की युरोपियन वगैरे लिहू नका, न्यूझीलंडर लिहा, आणि ११.१ टक्के लोकांनी, म्हणजे ४ लाख २९ हजारांवर लोकांनी ते हातानं लिहिलं. त्यातले बरेचसे आधी युरोपियनमध्ये मोजले जायचे, त्यामुळे युरोपियन ८० टक्क्यांवरून ६७.६ टक्क्यांवर आल्यासारखे दिसले. २०१३ मध्ये न्यूझीलंडर लिहिणारे परत १.६ टक्क्यांवर. २००६ चा एकटा आकडा घेऊन युरोपियन वस्ती घटतेय असा निष्कर्ष काढला असता तर तो पूर्ण चुकला असता.

मग काहीजण म्हणतात की यादीच नको, मोकळी जागा द्या आणि लोकांना हवं ते लिहू द्या. तत्त्व म्हणून मला हे आवडतं पण कामाचा डोंगर कुठे उभा राहतो ते आधी समजून घ्या. ब्राझीलनं १९७६ मध्ये एका मोठ्या घरगुती सर्वेक्षणात रंगाचा प्रश्न मोकळा ठेवून बघितला तर १३० हून जास्त वेगवेगळे शब्द आले, गव्हाळ, कॉफीसारखा, उन्हानं रापलेला अशा छटांपर्यंत. पण बारकाईनं बघितलं तर बहुतांश लोक मोजक्याच शब्दांवर होते, बाकीचे शब्द थोड्याथोड्या लोकांचे. ब्राझील शेवटी पाच पर्यायांवरच राहिलं: ब्रांको म्हणजे गोरा, प्रेतो म्हणजे काळा, पार्दो म्हणजे मधला किंवा मिश्र, आमारेलो म्हणजे पूर्व आशियाई मूळ असलेला, आणि १९९१ पासून इंडिजेना म्हणजे मूळनिवासी. २०२२ मध्ये पार्दो ४५.३ टक्के आणि ब्रांको ४३.५ टक्के भरले, १९९१ पासून पहिल्यांदाच पार्दो पुढे. प्रेतो १०.२ टक्के. यात जन्मदर थोडा असेल, पण काळेपणाबद्दलचा अभिमान, चळवळी, विद्यापीठातल्या राखीव जागांचा २०१२ चा कायदा, या सगळ्यामुळे लोक स्वतःकडे कसं बघतात तेही बदललंय. हा आकडा खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाही, समाज स्वतःला काय म्हणतोय याची ती खरी नोंद आहे, फक्त तिला त्वचेच्या रंगाचं मोजमाप समजू नका.

मोकळ्या उत्तरांचं पुढे काय होतं ते आपल्या देशात सगळ्यात ठळक दिसतं. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा म्हणून लोकांनी सांगितलेली कच्ची नावं १९,५६९ होती. स्पेलिंगचे फरक, गावांची नावं, जातीची नावं भाषा म्हणून सांगितलेली, हे सगळं गाळून-जुळवून १,३६९ मातृभाषा ठरल्या, १,४७४ नावं कशातच बसली नाहीत, आणि शेवटी आपल्यासमोर आल्या १२१ भाषा. या प्रवासात भोजपुरी सांगणारे पाच कोटींवर लोक हिंदीत गेले आणि लमाणी-लंबाडी सांगणारे ३२ लाखांवर लोकसुद्धा हिंदीतच गेले. ज्या तांड्यावरच्या बाईनं आपली बोली नीट नाव घेऊन सांगितली तिला शेवटच्या तक्त्यात हिंदी भाषक केलं गेलं. प्रश्न चांगला होता, प्रगणकानं बरोबर लिहिलं होतं, निर्णय झाला तो वर्गीकरणाच्या टेबलावर.

जातीचं तर विचारूच नका. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय गणनेत लोकांनी सांगितलेलं नाव प्रगणकानं तसंच टाइप करायचं होतं, आधी ठरवलेली यादी नव्हती. १९३१ मध्ये जाती मोजल्या गेल्या होत्या ४,१४७ आणि इथे नावं आली ४६ लाखांच्या वर. केंद्रानं सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिलं त्यात नुसत्या महाराष्ट्रात ४ लाख २८ हजारांवर वेगवेगळी नावं होती, अधिकृत यादीतल्या ४९४ च्या समोर. आता ४६ लाख जाती काही देशात नाहीत. एकच आडनाव, पोटजात, गोत्र, कुळी, पदवी, ऱ्हस्व-दीर्घाचे फरक, इंग्रजी टायपिंगमधले फरक, सगळे वेगळे मोजले गेले. ते सगळं कोड करणं अशक्य होतं असं मला वाटत नाही, माणसं बसवून, राज्यवार समानार्थी नावांच्या याद्या करून, शंका असलेल्या नोंदी परत तपासून हे होऊ शकतं, पण त्याला वर्षं लागतात आणि ती तयारी मोजणीच्या आधी करावी लागते, नंतर नाही.

आपल्याकडचंच अजून एक उदाहरण देतो कारण नियम बदलला की आकडा कसा बदलतो हे यात स्वच्छ दिसतं. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रात बौद्धांची संख्या १९५१ मधल्या अडीच हजारांच्या आसपासवरून १९६१ मध्ये २७ लाखांच्या वर गेली. पण बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीत धरायचं नाही असा नियम होता, तो १९९० मध्ये बदलला. म्हणून राज्यातलं अनुसूचित जातींचं प्रमाण १९८१ मध्ये ७.१ टक्के दिसतं आणि १९९१ मध्ये ११.१ टक्के. वस्त्या त्याच, माणसं तीच, फक्त आता त्यांना त्या रकान्यात मोजायची परवानगी मिळाली. हा तक्ता बघून दहा वर्षांत दलित लोकसंख्या भराभर वाढली असं लिहिलेलं मी वाचलंय, आणि दरवेळी वाटतं की तळटीप कोणीतरी वाचायला हवी होती.

एकापेक्षा जास्त ओळखी सांगता येणं हा पुढचा मुद्दा. अमेरिकेनं २००० मध्ये पहिल्यांदा एकाहून जास्त रेसवर टिक करू दिली आणि २.४ टक्के लोकांनी केली. २०१० मध्ये २.९ टक्के, म्हणजे साधारण ९० लाख. २०२० मध्ये एकदम १०.२ टक्के, ३ कोटी ३८ लाख. वर्तमानपत्रांनी लगेच लिहिलं की अमेरिका मिश्र होतेय. होतेय हे खरं, पण एवढी उडी त्यामुळे नाही. २०२० च्या फॉर्मवर व्हाइट आणि ब्लॅकच्या खाली मूळ लिहायला जागा दिली, आणि कोडिंग करताना आधी ३० अक्षरंच वाचली जायची ती २०० केली, दोनऐवजी सहा कोड द्यायला लागले. म्हणजे कोणी व्हाइटवर टिक करून खाली एखाद्या लॅटिन अमेरिकन देशाचं नाव लिहिलं की नियमानुसार त्याला दुसरी रेसही मिळू शकत होती. जनगणना ब्युरोनं स्वतःच सांगितलं की बदल बऱ्याच अंशी प्रश्नाच्या मांडणीमुळे आणि प्रक्रियेमुळे आहे. तिथल्या हिस्पॅनिक लोकांची अडचण जुनीच आहे, हिस्पॅनिक आहात का हा प्रश्न वेगळा आणि रेस वेगळी, रेसमधले पर्याय त्यांना आपले वाटत नाहीत, मग ते सम अदर रेसवर जातात, आणि २०२० मध्ये ही इतर वाली चौकट एकट्यानं किंवा दुसऱ्यासोबत धरून जवळजवळ पाच कोटींची झाली. इतर हा पर्याय देशातला दुसऱ्या नंबरचा गट होतो तेव्हा यादी लोकांना बसत नाहीये असाच त्याचा अर्थ. मार्च २०२४ मध्ये नियम बदलून दोन्ही प्रश्न एकत्र केले आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका अशी वेगळी कॅटेगरी आणली, तोपर्यंत लेबनीज, इराणी, इजिप्शियन हे सगळे व्हाइट होते.

ब्रिटनबद्दल थोडक्यात. तिथे १९७९ मध्ये लंडनच्या हॅरिंगे भागात चाचणी घेतली तेव्हा लोकांनी जोरदार विरोध केला, ही माहिती उद्या नागरिकत्वाच्या कायद्यासाठी आपल्याविरुद्ध वापरतील अशी भीती होती, मग १९८१ मध्ये प्रश्न आलाच नाही आणि कुटुंबप्रमुखाचा जन्म कुठला यावरून अंदाज काढले. प्रश्न आला १९९१ ला. २००१ ला मिक्स्ड आलं, २०११ ला अरब आणि जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर आले आणि चायनीज चौकट एशियन मथळ्याखाली सरकवली, २०२१ ला रोमा आलं. त्यामुळे २००१ आणि २०११ मधले एशियन सरळ वजाबाकी करून बघू नका, मथळा तोच पण आतली माणसं वेगळी.

यादीत नाव असणं म्हणजे नुसती आकडेवारी नाही हे लोकांना आकडेतज्ज्ञांपेक्षा आधी कळतं. चीनमध्ये १९५३ च्या जनगणनेत ४०० हून जास्त नावं आली, मग सरकारनं वर्गीकरणाची मोहीम काढली आणि शेवटी ५६ वर यादी बंद झाली, शेवटचं जिनो हे १९७९ ला आलं. आजही लाखो लोक तिथे अनोळखी गट म्हणून मोजले जातात. म्यानमारमध्ये २०१४ ला १३५ गटांची यादी होती, रोहिंग्या हे नाव सांगू दिलं नाही, आणि तिथल्या रखाइन राज्यातले अंदाजे १०.९ लाख लोक मोजलेच गेले नाहीत. बोस्नियात २०१३ ला मोजणी झाली आणि आकडे बाहेर आले जून २०१६ मध्ये, कारण कोणाला कायमचा रहिवासी धरायचं यावर भांडण, त्यात बोस्नियाक, म्हणजे तिथला मुस्लिम समाज, ५०.१ टक्के भरले, निम्म्याच्या रेषेवर थोडे वर, तर त्या रेषेचं राजकारण किती असेल विचार करा. लेबनॉनमध्ये धर्म-पंथ मोजणारी शेवटची जनगणना १९३२ ची, त्यानंतर झालीच नाही, कारण सत्तेची वाटणीच त्या प्रमाणावर बांधलेली. इराकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये कितीतरी वर्षांनी देशभर मोजणी केली ती वंश आणि पंथ न विचारता.

आता न विचारणारे. फ्रान्समध्ये जनगणनेत जन्मदेश, राष्ट्रीयत्व आणि जन्मावेळचं राष्ट्रीयत्व विचारतात, वंश नाही, १९७८ च्या माहिती-संरक्षण कायद्यापासून त्यावर बंधन आहे आणि २००७ मध्ये तिथल्या घटना परिषदेनं वंशाच्या आकडेवारीला मोकळीक देणारी तरतूद रद्द केली. त्यामागचा इतिहास खरा आहे, दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या नोंदी पोलिसांच्या हातात होत्या. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येची रजिस्टरं अतिशय नीट ठेवलेली, धर्मासकट, जर्मनांनी देश घेतल्यावर लोक शोधणं सोपं गेलं आणि तिथले तीन चतुर्थांशाच्या आसपास ज्यू मारले गेले. रवांडात बेल्जियन राजवटीनं १९३० च्या दशकात ओळखपत्रावर हुतू, तुत्सी, त्वा असं छापायला सुरुवात केली आणि १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तेच कार्ड बघून माणसं मारली, आज तिथे ही ओळख विचारत नाहीत. अमेरिकेतही १९४२ मध्ये जपानी मूळ असलेल्यांना छावण्यांत नेताना जनगणनेचे छोट्या-छोट्या भागांचे तक्ते वापरले गेले, आणि १९४३ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या भागातल्या काहींची नावंसुद्धा दिली गेली. म्हणून कोणी मला म्हणालं की मी हा रकाना भरणार नाही, तर मी त्याला अडाणी समजत नाही, त्याची शंका इतिहासातून आलेली आहे.

तरी माझं मत असं की ही ओळख विचारायलाच हवी, कायद्याचं संरक्षण भक्कम असेल तर! भेदभाव होतो त्या समाजाचे आकडे नसले तर भेदभाव थांबत नाही, फक्त सिद्ध करता येत नाही. नोकरी, घरभाडं, बाळंतपणातले मृत्यू, तुरुंगातलं प्रमाण, यातल्या प्रत्येकासाठी खाली छेद म्हणून गटाची लोकसंख्या लागते. शिवाय जनगणनेतूनच कळतं की कोण मोजायचं राहतंय, अमेरिकेत २०२० नंतरच्या पडताळणीत हिस्पॅनिक लोक ४.९९ टक्के आणि राखीव क्षेत्रातले मूळ रहिवासी ५.६४ टक्के कमी मोजले गेले होते, तर गोरे थोडे जास्तच मोजले गेले. ही विषमता ओळखीचा रकाना नसता तर दिसलीच नसती. फक्त जनगणनेतली ओळख आणि ओळखपत्रावरची ओळख या दोन गोष्टी कायम वेगळ्या राहिल्या पाहिजेत, एकीतून आकडा निघतो, दुसरीतून माणूस सापडतो. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या कायद्यानं आणि १९५१ च्या जनगणनेनं नेमकं हेच मिसळलं होतं, मोजणीतली नोंद हाच माणसाचा कायमचा दर्जा. तो कायदा १९९१ ला गेला, आणि १९९६ पासून तिथेही लोक स्वतःच सांगतात, गटांची नावं मात्र बरीचशी जुनीच ठेवलीत कारण झालेलं नुकसान मोजायला तेच गट लागतात.

तुम्ही आकडे वापरणार असाल तर आधी मूळ फॉर्मची पीडीएफ शोधा, प्रश्न जशाच्या तसा वाचा, एकच टिक का अनेक ते बघा, आणि अनेक असतील तर बेरीज १०० च्या वर जाणार हे लक्षात ठेवा. घरातल्या एकानं सगळ्यांसाठी भरलं का हेही बघा, कारण आजी नातवाची ओळख स्वतःच्या हिशोबानं सांगते. रिकाम्या सोडलेल्या जागा शेजारच्या किंवा तशाच घरांवरून भरल्या जातात, त्यांचं प्रमाण किती ते तळाशी दिलेलं असतं. छोट्या गावाचे छोटे आकडे असतील तर गोपनीयतेसाठी त्यात मुद्दाम थोडा फरक घातलेला असू शकतो, त्यावरून बातमी करू नका. दोन देशांची तुलना करायची असेल तर मथळ्याखाली कोण कोण येतं ते लिहून काढा, ब्रिटनमधला एशियन आणि अमेरिकेतला एशियन बोलताना लोकांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळे चेहरे येतात. आणि दोन वर्षांची तुलना करायची असेल तर जन्म, मृत्यू आणि स्थलांतर धरून जेवढा बदल शक्य आहे तेवढा आधी काढा, त्याच्या वरचा सगळा बदल प्रश्न, नियम किंवा लोकांच्या मनातला आहे असं समजून कारण शोधायला लागा.

आपल्याकडे ३० एप्रिल २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीनं पुढच्या जनगणनेत जात मोजायचं ठरवलं आणि १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे, बर्फाळ भाग सोडून. तिच्यात सगळ्यात आधी बघायची गोष्ट ही की प्रगणकाच्या मोबाइलवर जातीचं नाव निवडायला यादी दिली का मोकळं टाइप करायला लावलं, यादी असेल तर ती राज्याची का केंद्राची, माणसानं सांगितलेलं नाव यादीत नसेल तर ते जसंच्या तसं साठवायची सोय आहे का, आणि समानार्थी नावं एकत्र करायचे नियम मोजणीच्या आधी लोकांसमोर ठेवले का नंतर. पहिला तक्ता बाहेर येईल तेव्हा त्याच्यासोबत कच्च्या नावांपासून शेवटच्या गटापर्यंतचं कोडबुक मागा. ते मिळालं तर आकड्यावर भांडतासुद्धा येईल, नाही मिळालं तर कोणाला कुठे टाकलं हे कोणालाच कळणार नाही.